सुक्याच्या ट्रंकेतला लॅपटॉप

मला सुक्या मासळीची शिसारी आहे. मालवणच्या किनाऱ्यावर जन्मलेल्या आणि आयुष्यभर इथेच राहिलेल्या बाईने असं म्हणणं हा अब्रूचा प्रश्न, म्हणून मी ते कोणाला सांगत नसे. ताजा बांगडा, पेडवे, मोरी, कुठलाही मासा आणा, मी काटे चोखून खाते. पण वाळवलेलं, खारवलेलं समोर आलं की घशाशी येतं. त्याला कारण आहे. लहानपणी रविवारी मिस्सा आटपून घरी आलं की आई मला खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, वाळत घातलेल्या बांगड्यांजवळ काठी देऊन बसवी. कावळे हाकलायचे. अंगात चर्चचा चांगला फ्रॉक, डोक्यावर ऊन, आणि समोर पोट फाडून मीठ भरलेले, डोळे उघडे ठेवून पडलेले बांगडे. माशा त्यांच्यावर आणि माझ्यावर सारख्याच बसत. तो वास अजून माझ्या नाकात आहे.

हे आधी सांगून टाकलं, कारण पुढे मी लॅपटॉपबद्दल तणतणणार आहे आणि दोन्हींचा संबंध आहे.

हा लॅपटॉप मी निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी घेतला, म्हणजे बिघडला तेव्हा तो दहा वर्षांचा. शाळेत मराठी शिकवत होते तेव्हा प्रश्नपत्रिका त्याच्यावर टाइप करायची. निवृत्तीनंतर गावातल्या बायकांचे अर्ज लिहून देण्याचं काम आपोआप गळ्यात पडलं. रेशन कार्डावरचं नाव, लाइटच्या मीटरची तक्रार, मुलीचा दाखला. यंत्र म्हातारं होतं पण माझ्यासारखंच होतं, सकाळी उठायला वेळ लावायचं आणि एकदा उठलं की काम करायचं.

गेल्या वर्षी गणपती होऊन गेल्यावर एक मोठं काम आलं. आमच्या बंदरावर मासे विकणाऱ्या बायकांसाठी नवी शेड बांधून झाली होती. जुन्या बायकांना आधी जागा मिळणार, बाकीच्यांना उरली तर. जुनी कोण आणि नवी कोण, हे कागदावरून ठरणार होतं. सुनावणी गुरुवारी होती. बहुतेक बायकांकडे दर वर्षी मिळणारा बसण्याचा परवाना होता, जुने परवानेही प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेले होते. एकीकडेच नव्हते. ती माझ्या कुंपणापलीकडे राहणारी काकी.

काकी ऐंशीला टेकली आहे. लग्न होऊन आली तेव्हापासून बंदरावरच्या भेंडीच्या झाडाखाली, भाजीची नव्हे, सावलीची मोठी भेंडी, टोपली घेऊन बसते. नवरा होडीवर जायचा, तो वारल्याला बरीच वर्षं झाली, पण तिची बसायची जागा कधी चुकली नाही. मी तिला काकी म्हणते, ती मला बाये म्हणते. जुने परवाने कुठे आहेत म्हणून विचारलं तर ती माझ्याकडे असं बघायला लागली की जणू मी जुन्या केरसुण्या मागतेय.

"नवो कागद गावलो की जुनो कित्याक ठेवतलंय? मासळी बांधूक वापरलंय. आता ते खंय गावतले?"

"काकी, मग तू इतकी वर्षं बसतेस ह्याचो पुरावो काय?"

"मीच. माका बघून कळणा नाय?"

तिला बघून सगळ्यांना कळतं, पण सुनावणी घेणारे साहेब बदलून आलेले होते आणि त्यांना तिचं तोंड ठाऊक नव्हतं. तेव्हा मला तो फोटो आठवला. तीसेक वर्षांपूर्वी मी सातवीच्या मुलांना बंदरावर मासळीचा लिलाव दाखवायला नेलं होतं. मुलं रांगेत उभी आहेत आणि त्यांच्या मागे, भेंडीखाली, काकी टोपलीवर हात ठेवून कॅमेऱ्याकडे रागाने बघते आहे. एका मुलाने हातात पाटी धरली आहे आणि तिच्यावर वर्ष आणि इयत्ता लिहिलेली. ह्याहून चांगला पुरावा देव आला तरी देऊ शकला नसता. मूळ फोटो अल्बमला ओलीने चिकटला होता, ओढून काढताना तोंडंच निघून आली. पण निवृत्तीच्या वर्षी शाळेच्या स्कॅनरवर मी जुने फोटो स्कॅन करून लॅपटॉपमध्ये घालून ठेवले होते. तिथे तो होता. मी उघडून काकीला दाखवला. तिने चष्मा नसताना, नाक पडद्याला लावून स्वतःला ओळखलं आणि म्हणाली, "मेल्या मुलांनी माजी अर्धी टोपली झाकल्यानी." बुधवारी मालवणला जाऊन त्याची मोठी प्रिंट काढायची असं ठरलं. त्याच दिवशी काढायला काय झालं होतं, हे मला विचारू नका. मी स्वतःला पुष्कळ विचारलं आहे.

शनिवारी दुपारी लॅपटॉपने न विचारता अपडेट सुरू केलं. निळ्या पडद्यावर गोल गोल फिरणारे ठिपके आणि खाली हुकूम, संगणक बंद करू नका. मी माझ्या पैशाने घेतलेलं यंत्र, माझ्या घरात, माझ्या विजेवर, आणि मला सांगतंय हात लावू नकोस. दुपारचं जेवण झालं, चहा झाला, कोंबड्या आत घेतल्या, तरी ठिपके फिरतच होते. शेवटी एकदा उघडलं तेव्हा सगळ्या खुणा जागा बदलून बसल्या होत्या. कोपऱ्यात हवामान आलं होतं. मला माझ्या दारात उभं राहिल्यावर पाऊस दिसतो, ते ह्यांनी सांगायची गरज नव्हती.

रविवारी मिस्सा करून आले आणि अर्ज पुरे करायला बसले. दहा-बारा मिनिटं चाललं आणि मग थिजलं. बाण जागच्या जागी उभा. कुठलंही बटण दाबा, ढिम्म नाही. पडद्यावर अर्धवट वाक्य, "सदर अर्जदार ही गेली", आणि पुढे कर्सरची उघडझापसुद्धा बंद. मी वाट पाहिली, मग चार शिव्या दिल्या, मग बटण दाबून धरून बंद केलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा दहा मिनिटांनी तेच.

माझा धाकटा भाऊ मडगावला असतो. जहाजावर इलेक्ट्रिशियन होता, आता घरी बसून सगळ्यांना सल्ले देतो. त्याला फोन केला तर त्याचा आवाज असा उजळला की जणू मी त्याला लग्नाचं आमंत्रण दिलं.

"अपडेट! शंभर टक्के अपडेट. जुन्या मशीनांका मारूकच काडतत ते, नवो घेवचो म्हणान."

मला हे इतकं पटलं की पुढचे दोन दिवस मी दुसरा विचारच केला नाही. कुठल्या तरी लांबच्या थंड ऑफिसात बसलेल्या माणसांना आमच्या बंदरावरच्या म्हातारीची जागा घालवायची आहे, असंच मी धरून चालले. राग काढायला ती माणसं फार सोयीची होती. ती कधी समोर येणार नव्हती.

भावाने फोनवरून सूचना द्यायच्या आणि मी त्या पाळायच्या, असा रविवार गेला. चालू होताना बटणं दाबून सेफ मोडमध्ये जायचं, म्हणजे यंत्राला फक्त जेवढ्यास तेवढं काम करू द्यायचं. तिथे ते वीस-पंचवीस मिनिटं चाललं. भाऊ विजयाने ओरडला, "बघ! म्हटलंय ना!" मग अपडेट काढून टाकायचं. त्याला संध्याकाळपर्यंत वेळ लागला, दोनदा मधेच थिजलं आणि दोनदा मी बटण दाबून मारलं. अपडेट गेलं, तरी सोमवारी सकाळी लॅपटॉप पुन्हा थिजला. भाऊ म्हणाला, अर्धं अपडेट आत अडकून राहिलं असेल. डिस्प्लेचा ड्रायव्हर काढ. घाल. मेमरी तपास. मला तर वाटायला लागलं की आतलं भूत काढायला पाद्रीच बोलवावा.

ह्या सगळ्यात मी दोन गोष्टी पाहिल्या आणि दोन्हींचा अर्थ चुकीचा लावला. एक, यंत्र सकाळी जास्त वेळ चालायचं आणि दुपारी लवकर थिजायचं. मी म्हटलं, ह्याची पण मर्जी असते. दुसरी, पूर्वी पंख्याची घरघर यायची ती आता येत नव्हती. भावाला मी सांगितलंसुद्धा, की ह्या मेल्यांनी सगळं बिघडवलं पण आवाज तेवढा बंद केला, तेवढीच काय ती सुधारणा.

आणि तिसरी गोष्ट पाहायची होती ती पाहिलीच नाही. दर वेळी मिळणाऱ्या त्या दहा मिनिटांत मी फोटो पेनड्राइव्हवर घेऊ शकले असते. दोन मिनिटांचं काम. पण मला तेव्हा फोटो नको होता, मला ते अपडेट हरवायचं होतं. सोमवारी दुपारी डोक्यात प्रकाश पडला, पेनड्राइव्ह कपाटातून शोधून आणला, लॅपटॉप चालू केला, तर पडदा काळा. आतून कट् कट् असा आवाज आला आणि थांबला. तेवढ्यात काकी कुंपणावरून हाक मारून विचारत होती, "बाये, मगे बुधवारी कितीची एसटी?" मी म्हटलं, बघू. माझ्याच तोंडाची मला किळस आली.

मंगळवारी सकाळी लॅपटॉप उशीच्या अभ्र्यात घालून मालवणला नेला. बाजारपेठेतला दुरुस्तीवाला पन्नाशीचा आहे. पूर्वी रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायचा, आता जे आणाल ते करतो. मी त्याला सविस्तर सांगितलं, की शनिवारी अपडेट आलं आणि त्याने वाट लावली. त्याने माझ्या हातातून अभ्रा घेतला. लॅपटॉप उलटा केला, जाळीच्या भोकांजवळ नाक नेलं आणि झटकन मागे घेतलं. मग स्क्रू काढायला लागला.

झाकण निघाल्याबरोबर दुकानात वास सुटला. चार्जर बघत उभं असलेलं एक पर्यटक जोडपं एकदम रस्त्यावर गेलं. मला तो वास ओळखायला क्षणसुद्धा लागला नाही. साठ वर्षांपूर्वीचं खळं, काठी आणि माशा. आत पंखा होता त्या जागी पांढरट करडी खपली बसली होती, आणि तिच्यात बारीक बारीक मिशा अडकलेल्या होत्या. मिशाच त्या, गोलम्याच्या. गोलमो म्हणजे आमच्याकडे सुका जवळा, केसाएवढ्या मिशा आणि मोहरीएवढे काळे डोळे. पंख्याच्या पात्यांत त्याचे डोळे होते. एका कोपऱ्यात मुंग्यांनी घर केलं होतं, त्या अंडी उचलून पळत सुटल्या.

"बाई," तो म्हणाला, "ह्यां मशीन खंय ठेवी होतात?"

"घरात."

"घरात म्हणजे खंय? होडयेत?"

त्याने ब्रशने खपली उकरली, चिमटीत घेऊन मला दाखवली.

"मीठ आसा ह्यां. अपडेटान बिचाऱ्यान काय एक करूक नाय. तेणां फक्त जरा जास्ती काम सांगल्यान. पंखो जाम, मशीन तापता, तापला की थिजता, थंड झाला की परत चलता. तुमका दिसूक नाय?"

दिसलं होतं. दोन दिवस दिसत होतं.

"आणि डिस्क?" मी विचारलं. "आत एक फोटो आसा. गुरुवारी होयो."

त्याने डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावली. पुन्हा कट् कट्. "चालू असताना बटण दाबून कितीदा बंद केलात?" असं त्याने विचारलं तेव्हा मला आकडा सांगता आला नाही. ही डिस्क कोल्हापूरला पाठवायची, पंधरा दिवस लागतील, आणि काही निघेल याची खात्री नाही. मी उघडा लॅपटॉप पुन्हा अभ्र्यात घातला आणि एसटी पकडली. माझ्या शेजारच्या सीटवर बसलेली बाई पुढच्या थांब्यावर उठून मागे गेली.

आता ट्रंकेचं सांगते. काकी दर मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, मला सुक्या मासळीची पुडी द्यायची. खारे बांगडे, सोडे म्हणजे सोललेली सुकी कोळंबी, थोडा गोलमो. आई होती तोवर ती आवडीने खायची. आई गेल्यावर पुडी माझ्या एकटीच्या पदरात पडायला लागली. नको म्हणायची सोय नव्हती. तिने उन्हात उभं राहून वाळवलेलं, तिच्या तोंडावर कसं नाकारायचं? फेकायलाही हात धजेना, आणि गावात दुसऱ्या कोणाला दिलं असतं तर संध्याकाळच्या आत तिला कळलं असतं. म्हणून मागच्या पडवीतल्या पत्र्याच्या ट्रंकेत मी ती पुडी ठेवायची आणि झाकण लावायची. पावसाळ्यात कधी तरी काकी विचारायची, "बांगडे बरे होते मगो?" मी म्हणायची, "बरे म्हणजे काय, एकदम फर्स्ट क्लास." पुढच्या मेमध्ये दुसरी पुडी.

त्याच्या आदल्या वर्षी पावसात लॅपटॉपच्या बटणांवर बुरशी आली. कपाटात बल्ब लावून ठेवायचा म्हटलं तर वीज जाते. काकीला ते कळलं आणि तिने उपाय सांगितला.

"सुक्याच्या ट्रंकेत ठेव गो. थंय ओल म्हणान येवची नाय. मीठ सगळी ओल ओढून घेता."

तिचे कागद, मीठ-मिरची, नवऱ्याचं घड्याळ, सगळं ती सुक्याच्या ट्रंकेतच ठेवते, आणि तिला आजवर काही झालेलं नाही. तिच्या कागदांना पंखा नाही, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. गेल्या वर्षी जूनपासून मी काम झालं की लॅपटॉप गरम असतानाच अभ्र्यात घालून, नाक दाबून त्या पुड्यांवर ठेवत होते. मिठाने ओल ओढून घेतली आणि ती त्या पत्र्यात लॅपटॉपसोबत धरून ठेवली.

मंगळवारी संध्याकाळी घरी आल्या आल्या मी साडी न बदलता पडवीत गेले. ठरवलं, हे सगळं आत्ता खड्डा काढून पुरायचं. तोंडावर पदर बांधला, अंगणात जुनी वर्तमानपत्रं पसरली आणि ट्रंक उपडी केली. अकरा पुड्या निघाल्या. खालच्या तर दगड झाल्या होत्या. वरून वर्तमानपत्र, त्याला तेलाचे पिवळे डाग, सुतळी बांधलेली. एकीची सुतळी सुटून गोलमो सांडला होता आणि त्यात पांढऱ्या बारीक अळ्या वळवळत होत्या. मी दोनदा परसात जाऊन ओकून आले. आपण अकरा वर्षं कशाच्या घाणीत राहत होतो, आणि घाण कोणी केली होती, हे त्या दिवशी एकदम दिसलं.

पुरायच्या आधी वर्तमानपत्र वेगळं करावं म्हणून एक पुडी सोडली. आत आणखी एक कागद होता, जाड, घडी घातलेला. मी तो टाकणारच होते, पण त्यावर शिक्का दिसला. पदराने पुसला. काकीचं नाव, बंदरावरची जागा, भेंडीच्या झाडाजवळ असं लिहिलेलं, आणि वर्ष. दुसरी पुडी सोडली. तिच्यात त्याच्या पुढच्या वर्षाचा परवाना. नंतर मी सुरी घेतली आणि सगळ्या फाडल्या. अकरा पुड्या, अकरा परवाने, ओळीने. शिसारी कुठे गेली कोण जाणे, अळ्या झटकत मी ते कागद एकावर एक लावत होते आणि मोठमोठ्याने हसत होते.

हसणं अर्ध्यावर थांबलं. कारण ध्यानात आलं, की हे कागद तिला द्यायचे म्हणजे काय द्यायचं.

सकाळपर्यंत मी कागद इस्त्री केले, पावडर टाकली, उन्हात धरले. वास हलला नाही. शाळेच्या जुन्या फायलीत सापडले असं सांगावं, असं चार वेळा मनात आलं. पण काकी मासळीची बाई आहे. तिला कोणता वास कुठून येतो ते मी शिकवणार नव्हते.

बुधवारी ती एसटीची वेळ विचारायला आली, ठेवणीतलं चांगलं लुगडं नेसून. मी तिला पडवीत बसवलं. लॅपटॉप मेला, फोटो गेला, हे आधी सांगितलं. तिचा चेहरा उतरला, पण ती म्हणाली, "जावंदे. मेल्या मशीनाक काय कळता." मग मी कागदांचा गठ्ठा तिच्या मांडीवर ठेवला. तिला वाचता येत नाही, पण शिक्का ओळखता येतो. तिने पहिला कागद उचलला, नाकाशी नेला.

"हो सोड्यांचो." दुसरा उचलला. "हो बांगड्यांचो." तिसऱ्यावर थांबली. "हे मीच दिलेले तुका. कागद जाड, तेल सुटणा नाय, म्हणान वर्साचो बरो कागद तुज्या पुडयेक ठेवी होतंय. तू खावन चुलीत घातलंस असशीत म्हणान मी बोलूक नाय."

ती अंगणात बघत होती. तिथे वर्तमानपत्रांवर तिचे बांगडे पडले होते, अकरा वर्षांचे, मुंग्या लागलेले. ते झाकून ठेवायचं मला सुचलं नव्हतं.

"एकय नाय?" तिने विचारलं.

"एकय नाय, काकी. माका वास सोसणा नाय. ल्हानपणापासून."

"मगे फर्स्ट क्लास म्हणी होतंस ता?"

ती उठली, कागद पदरात गुंडाळले आणि म्हणाली, "बरा झाला. खाल्लं असतंस तर माजी जागा गेली असती." असं म्हणून हसली. मीही हसले. मला वाटलं, सुटले.

गुरुवारी मी तिच्याबरोबर कार्यालयात गेले. तिथल्या माणसाने गठ्ठा घेतला आणि त्याच्या नाकपुड्या आखडल्या. दोन बोटांच्या टोकांनी तो एकेक कागद उलटत होता, मान मागे घेऊन, ओठ मिटून. "जरा खिडकी उघडा हो," असं तो कोणाला तरी म्हणाला. माणूस सभ्य होता, बोलला काहीच नाही, उलट "ठीक आहे आजी, सगळे कागद व्यवस्थित आहेत," असंच म्हणाला. काकी कागदांकडे बघत नव्हती. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. मग तिने मान वळवून माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि अकरा वर्षं तिच्या पुडीपुढे माझं तोंड कसं झालं असेल ते तिला तिथे दिसलं.

तिला जागा मिळाली. शेडमध्ये शिरल्याबरोबर डावीकडची, वारा लागणारी. आता तिच्या मागे भिंत आहे आणि डोक्यावर पत्रा. मी रोज तिच्याकडूनच मासे घेते आणि ती पूर्वीसारखेच निवडून देते. नवा लॅपटॉप घेतला, तो कपाटात असतो. डिस्क कोल्हापूरहून तशीच परत आली. भाऊ अजून म्हणतो की अपडेटच होतं.

मे महिना आला, गेला. पुडी आली नाही. पाऊस लागायला दोन दिवस असताना मी कुंपणाशी जाऊन उभी राहिले आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "काकी, यंदा सुकी केलंस नाय?"

"खंय गो, यंदा मासळीच गावली नाय. एकय बांगडो सुकवक नाय."

तिच्या पाठीमागे खळ्यात चटया भरून बांगडे वाळत होते. वास माझ्यापर्यंत येत होता. मी म्हटलं, "होय, यंदा मासळी कमीच," आणि आम्ही दोघी पावसाबद्दल बोलत राहिलो.